रिपोर्ट चांगले, तरी दुखतं कसं?

प्रश्न गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गृहस्थांचा आहे. त्यांच्या पत्नीचं वय ४३. सहा वर्षांपासून रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात तो. आठवड्याला मेथोट्रेक्सेट, रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, अशा गोळ्या चालू. गेल्या तीन तपासण्यांत सीआरपी आणि ईएसआर हे रक्तातले सुजेचे आकडे व्यवस्थित आले, डॉक्टर म्हणतात रोग आटोक्यात आहे. पण तिचं दुखणं, दमणं थांबत नाही, झोप लागत नाही. माणसांत मिसळणं तिनं बंद केलंय, यंदा चवथीला (गणेशचतुर्थीला) मूळ घरी यायचं नाही म्हणते. सासूबाईंचं मत, ‘सगळे मनाचे खेळ’. डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञाला भेटा असं सुचवलं, तर घरी येऊन दोन दिवस अबोला. शेवटी ते विचारतात, “तिला मनानं खंबीर करायला मी काय करू?”

उत्तर देताना मी ‘वहिनी’ म्हणतो, ते तुम्ही चालवून घ्याल.

तुमचं शेवटचं वाक्य आधी बाजूला काढून ठेवू. वहिनी खंबीर आहेतच. सकाळी सहाला नळाची तोटी हातानं फिरत नाही, ती मनगटानं ढकलून उघडायची आणि साडेसातपर्यंत डबे भरून द्यायचे, हे सहा वर्षं करणाऱ्या बाईला खंबीरपणा शिकवायला आपण कोण? माझा बावीस वर्षांचा ओपीडीचा अनुभव सांगतो, सगळ्यांत जास्त नुकसान होतं ते सोशिक माणसांचं. ‘कसं आहे?’ विचारलं की ‘बरं आहे’ म्हणतात, औषध वाढवायची वेळ निघून जाते, आणि एक दिवस गोळ्यांसकट सगळंच सोडून देतात. कुरकुर करणारा रुग्ण मला परवडतो. तो निदान येत राहतो.

आता रिपोर्टांकडे वळू. सीआरपी आणि ईएसआर शरीरातल्या सुजेचा अंदाज देतात. दुखणं त्यांत मोजलं जात नाही. आम्ही ‘रोग आटोक्यात’ म्हणतो ते बहुधा डीएएस-२८ नावाच्या हिशेबावरून. त्यात २८ सांधे चाचपतात, किती सुजलेत आणि किती दाबल्यावर दुखतात ते मोजतात, रक्ताचा एक आकडा घेतात, आणि चौथी गोष्ट म्हणजे १०० मिलिमीटरच्या रेषेवर रुग्णानं स्वतः केलेली खूण, ‘आज मी इतकी बरी किंवा इतकी वाईट आहे’. सगळं मिळून आकडा २.६ च्या खाली आला की रोग शमला असं धरतात. या २८ सांध्यांत बोटं, मनगटं, कोपर, खांदे आणि गुडघे आहेत. पावलं आणि घोटे नाहीत! ज्या बाईचे चवडे सकाळी जमिनीला टेकत नाहीत तिचाही आकडा छान येऊ शकतो. म्हणून पुढच्या भेटीत वहिनींनी चपला काढून पाय दाखवावेत. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी दाखवावेत. मनाकडे वळण्याआधी हे व्हायला हवं, कारण ‘ताण असेल’ म्हणून सोडून दिलेली सूज पुढे एक्सरेत दिसल्याची उदाहरणं माझ्या गाठीला आहेत. त्यातलं एक माझ्या स्वतःच्या हातून घडलेलं आहे. त्याच खेपेला हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही पाहून घ्या. दमण्याचं कारण कधीकधी इतकं साधं निघतं.

त्या चौथ्या खुणेची एक गंमत आहे. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०११ मध्ये रोग शमल्याचा एक कडक निकष ठरवला. त्यात रुग्णाची खूण १० पैकी १ किंवा त्याहून कमी असायला हवी होती. कित्येक रुग्ण बाकी सगळ्या अटींत बसायचे आणि नेमके इथे अडकायचे. सूज नाही, रक्त ठीक, पण माणूस म्हणतो ‘मी बरा नाही’. शेवटी २०२२ मध्ये ती अट १ वरून २ वर आणावी लागली. तुमच्या घरात जे चाललंय ते जगभरच्या दवाखान्यांत चाललंय, एवढंच सांगायचं होतं.

सूज उतरूनही दुखतं त्याची कारणं एकाहून अधिक असतात. पूर्वी झिजलेला सांधा तसाच राहतो, हे एक. दुसरं जरा समजून घ्यावं लागतं. समजा, तुमच्या घरी चोरी झाली. त्यानंतर दारातला कुत्रा पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला तरी भुंकून घर डोक्यावर घेतो. चोर आलेला नाही. पण भुंकणं खरं आहे आणि तुमची झोपमोडही खरी आहे. वर्षानुवर्षं सुजेचे निरोप मिळत राहिले की मज्जासंस्थेचं असंच होतं. साधा स्पर्श, पिशवीचं थोडं वजन, गार पाणी, सगळ्यालाच ती ‘दुखतंय’ म्हणून ओरडते. अशा वेळी सूज कमी करणारं औषध वाढवणं म्हणजे चोर नसताना दाराला आणखी एक कुलूप. उपाय कुत्र्याला शांत करण्याचा करायला हवा. तो झोपेतून, हळूहळू वाढवलेल्या हालचालीतून, काही वेगळ्या औषधांतून आणि हो, मनातूनही होतो.

‘मनातून’ म्हटल्यावर सासूबाईंना आपण जिंकलो असं वाटेल. त्यांना पणजीत जुन्या सचिवालयाशेजारचा आबे फारियाचा पुतळा दाखवा. कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेला हा आपला गोंयकार पाद्री, संमोहनाचे प्रयोग करणारा. पॅरिसमध्ये लोक संमोहनाचं श्रेय कसल्याशा चुंबकी प्रवाहाला देत होते, तेव्हा त्यानं ठासून सांगितलं की परिणाम घडतो तो समोरच्या माणसाच्या मनात. घडतो हे त्यानं नाकारलं नाही. ‘मनाचा खेळ’ म्हणजे खोटं, हा अर्थ आपण मागाहून चिकटवला.

आणि वाट दोन्ही बाजूंनी चालू असते. ताप आला की आपल्याला कुणाशी बोलावंसं वाटत नाही, अंथरुणातून उठावंसं वाटत नाही, आवडतं माशाचं हुमण समोर आलं तरी नको वाटतं. ते सगळं जंतू करत नाहीत, शरीर लढताना जी रसायनं सोडतं ती मेंदूला तसं वागायला लावतात. आमवातात हीच रसायनं, टीएनएफ, इंटरल्यूकिन-६, महिनोन् महिने फिरत असतात. २०११ साली जर्मनीत मोजक्या रुग्णांवर एक बोलका प्रयोग झाला. टीएनएफ अडवणारं इंजेक्शन दिल्यावर चोवीस तासांच्या आत मेंदूतल्या वेदनेच्या आणि भावनांच्या भागांतली खळबळ उतरली. सांध्यांची सूज तेव्हा होती तशीच होती. म्हणजे औषधाचा गुण आधी मेंदूला आला, सांध्यांना मागाहून. आमवाताच्या साधारण सहापैकी एका रुग्णाला उपचार लागण्याइतकं नैराश्य असतं, ही गोष्ट यानंतर नवलाची वाटत नाही. नैराश्य म्हणजे स्वभावाचा कच्चेपणा असता तर ते सुजेच्या मागेमागे असं फिरलं नसतं.

आता मनोबलाकडे येऊ. सत्तरी तालुक्यातल्या एक बाई माझ्याकडे यायच्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). दरवर्षी चवथ झाली की आठवड्याभरात त्यांचं उजवं मनगट सुजून यायचं. मी औषध वाढवायचो, नाताळापर्यंत उतरायचं, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. चौथ्या वर्षी मला विचारायची बुद्धी झाली, की चवथीला तुम्ही नेमकं करता काय? त्या म्हणाल्या, नारळ खवते. किती? नेवऱ्या, पातोळ्या, खतखतं, घरात बावीस माणसं. तीन दिवसांत पंचवीस-तीस नारळ. जमिनीवर आदोळी, म्हणजे आपली विळीच, तिच्यावर एक पाय दुमडून बसायचं, आणि नारळाची वाटी दोन्ही हातांत धरून मनगटं फिरवत राहायची. मी डॉक्टरी रुबाबात सांगितलं, ‘खवायचं बंद’. त्या हसल्या. “मग मी त्या घरात कोण, दोतोर?”

हा प्रश्न माझ्या पाठ्यपुस्तकात नव्हता. सासूनं लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला आदोळी त्यांच्या हातात दिली होती. सत्तावीस वर्षं घरातला पहिला नारळ त्यांनीच खवला होता. मी मनगट वाचवायला निघालो होतो, आणि बाईंच्या लेखी मी त्यांचं घरातलं स्थान काढून घेत होतो. तेव्हा त्यांनी ऐकलं नाही यात नवल ते काय.

मग आम्ही बसून हिशेब केला, कागद-पेन घेऊन, आमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं कशी सोपी करायची ते शिकवणाऱ्या) बाईंसोबत. पहिला नारळ त्यांनीच खवायचा, पण ओट्याला स्क्रूनं घट्ट बसणाऱ्या, दांडी फिरवायच्या खवणीवर, उंच स्टुलावर बसून. उरलेले मुलगा आणि पुतण्यांनी. (मुलगा आधी लाजला. पुरुषानं आदोळीवर बसायचं म्हणजे काय! आता तोच सगळ्यांत बारीक खवतो, अशी त्याच्या आईची साक्ष आहे.) नेवऱ्यांचं सारण चाखून साखर-वेलची ठरवायचं काम बाईंकडेच. फुगडीला उभं राहायचं नाही, पण गाणी त्यांनाच सर्वांत जास्त पाठ, म्हणून खुर्चीत बसून गायची. एकाच कामाला सलग वीस मिनिटांच्या वर हात लावायचा नाही. आणि इथे खरी मेख होती, काम संपल्यावर थांबायचं नाही, वेळ संपल्यावर थांबायचं. हे शेवटचं त्यांना सर्वांत जड गेलं. अर्धा नारळ तसाच ठेवून उठणं गोव्यातल्या कुठल्या गृहिणीला जमतं?

त्या वर्षी मनगट सुजलं, पण दर वर्षीइतकं नाही. त्यापुढच्या वर्षी त्या चवथीनंतर आल्याच नाहीत, दिवाळीनंतर नेहमीच्या तपासणीला आल्या. त्यांचा सीआरपी या सगळ्या काळात फारसा हललेला नव्हता. मी मनोबल म्हणतो ते हे. जे सोडवत नाही ते नेमकं काय आहे हे ओळखायचं, ते धरून ठेवायचं, आणि ते करण्याची रीत मात्र बिनदिक्कत बदलायची. बाईंना नारळ सोडवत नव्हता असं आम्हाला वाटलं होतं, त्यांना सोडवत नव्हता तो पहिला नारळ.

वहिनींचं ‘पहिला नारळ’ काय आहे ते मला ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक आहे का? ‘तुला काय होतंय’ हे सहा वर्षं विचारून झालंय, आता ‘तुझं काय करायचं राहून जातंय’ हे विचारा. उत्तर लगेच येणार नाही. आलं तर कदाचित क्षुल्लक वाटेल. एकीचं उत्तर होतं, काकणं. बोटांच्या मुळाशी सूज असली की काचेची काकणं हातात चढत नाहीत. काकणकार घरी आला की ती आत निघून जायची. कारण तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. त्याला वाटायचं, हिला सणावारात रस उरलेला नाही.

तुमच्याबद्दल दोन शब्द. घरच्यांच्या हातून दोन चुका होतात आणि त्या एकमेकींच्या उलट असतात. पहिली, संशय. सकाळी सातला चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो आणि दुपारी बाराला तीच बाई कपडे वाळत घालते, तेव्हा पाहणाऱ्याला वाटतं नाटक आहे. नाटक नसतं. सूज वाढवणारी ती रसायनं पहाटे सर्वांत जास्त असतात, म्हणून सांधे सकाळी आखडतात आणि तासा-दीड तासानं सुटतात. सासूबाईंना हे तुम्ही समजावा. सुनेनं समजावलं तर ते कारण सांगितल्यासारखं वाटेल.

दुसरी चूक प्रेमापोटी होते, म्हणून ती कुणी दाखवून देत नाही. ‘राहू दे, तू बस, मी करतो.’ दिवसातून दहा वेळा हे ऐकलं की माणसाला कळून चुकतं, आपल्यावाचून अडत नाही. हालचाल कमी होते, स्नायू उतरतात, दुखणं वाढतं, मग आणखी ‘राहू दे’. मदत करा, पण विचारून करा. ‘यातलं कुठलं मी घेऊ?’ एवढंच. आणि ‘काही नको’ म्हटलं की खरंच काही करू नका, मग कांदा चिरायला अर्धा तास लागला तरी. आपला हात मधे जातोच, मला माहीत आहे. माझ्या आईला गुडघ्याचा त्रास होता, मी डॉक्टर असून तिला धड चार पायऱ्या चढू दिल्या नाहीत.

नवरा-बायकोतल्या जवळिकीचा विषय गोव्यात कुणी ओपीडीत काढत नाही, म्हणून मी काढतो. दुखेल या भीतीनं नवरा लांब राहतो, आणि बायको समजते की माझ्या हातांची त्याला किळस येते. दोघंही गप्प. सांधे मोकळे असतात ती दुपारची, संध्याकाळची वेळ, आधी गरम पाण्याची आंघोळ, उशीचा आधार, अशा साध्या गोष्टींनी बराच फरक पडतो. पण आधी बोलायला हवं.

पुढचा मुद्दा भीतीचा. वहिनींच्या माहेरी कुणाला आमवात होता का, ते विचारा. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या बायकांच्या डोळ्यांसमोर कुणीतरी आत्या किंवा आजी असते, बोटं वाकडी झालेली, कोपऱ्यातल्या खाटेवर आयुष्य काढलेली. बोट जरा दुखलं की ‘आता माझंही तसंच’. या विचाराला तीन धागे असतात. एक, तोच तोच विचार रवंथ करणं. दोन, असेल त्याहून मोठं दिसणं. तीन, आपल्या हातात काही नाही असं वाटणं. मानसशास्त्रज्ञ मायकल सलिव्हन यांनी १९९५ मध्ये हे मोजायची १३ प्रश्नांची मोजपट्टी केली, ती आम्हीही वापरतो. हा विचार जितका घट्ट तितकं दुखणं जास्त जाणवतं, सूज तेवढीच असली तरी. ‘असा विचार करू नकोस’ म्हटल्यानं तो जात नाही, आणखी रुततो. वस्तुस्थिती सांगितल्यानं थोडा सैल होतो. आत्याच्या काळात काय होतं? वेदनाशामक आणि स्टेरॉइड. आमवातासाठी कमी मात्रेतल्या मेथोट्रेक्सेटला अमेरिकेत मान्यता मिळाली १९८८ मध्ये, पहिलं टीएनएफविरोधी औषध आलं १९९८ मध्ये. आत्याचा रोग हाच होता, काळ वेगळा होता. माझ्या ओपीडीत तशी बोटं आता फारशी दिसत नाहीत, आणि दिसली तर उशिरा आलेल्यांची किंवा पुड्यांवर वर्षं घालवलेल्यांची.

पुड्यांचं बोललो ते पुरं करतो. ‘साइड इफेक्ट नाही, आठ दिवसांत उतार’ अशी पुडी कुणी देत असेल तर त्यात स्टेरॉइड असण्याचा दाट संभव. पहिले काही आठवडे मूड सुद्धा झकास होतो, म्हणून फसायला होतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये १९४८ च्या सप्टेंबरात आमवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं गेलं, तेव्हा अंथरुणाला खिळलेली बाई चार दिवसांत हिंडूफिरू लागली. १९५० चं नोबेल त्या शोधाला मिळालं. दुष्परिणामांचा हिशेब लोकांना मागाहून कळला. पुडीवाल्याकडे तो हिशेब कधीच नसतो.

आता त्या दोन दिवसांच्या अबोल्याकडे. “हांव पिशी न्हय, दोतोर,” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता मीच आधी म्हणतो, तुम्ही वेड्या नाही. चूक बरेचदा आमची असते. ‘रिपोर्ट चांगले आहेत, मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा’ हे एका दमात म्हटलं की रुग्णाला ऐकू येतं, ‘तू खोटं बोलतेस’. तुमच्या डॉक्टरांचा हेतू चांगलाच असणार, पण मधली वाक्यं राहून गेली असावीत. ती तुम्ही घाला. वेदना खरी आहे, तिचे दोन-तीन धागे आहेत, त्यातला एक सोडवायला दुसऱ्या माणसाची मदत लागते. फिजिओथेरपिस्टकडे जाताना आपण असं लाजत नाही.

गरज आहे की नाही हे कसं ओळखायचं? गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास, निराश होतं का? नेहमी आवडणाऱ्या गोष्टींत रस वाटेनासा झालाय का? दोन्हीपैकी एकाचंही उत्तर हो असेल तर नीट तपासणी व्हायला हवी. माणसं टाळणं आणि चवथ नकोशी होणं, यांवरून मला ती हवीच वाटते. न पाहता निदान मी करणार नाही. मरणाची, ‘मी नसते तर बरं’ अशी भाषा ऐकू आली तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी न्या. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो.

बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे, जिचं पोर्तुगीज काळातलं नाव आबे फारियाच्याच नावावरून होतं. गोवा वैद्यकीय महाविद्यालयही तिथंच जवळ, त्यामुळे सांध्यांची तपासणी आणि ही भेट एका फेरीत होऊ शकते. कुणी विचारलं तर ‘बांबोळीला गेलो होतो’ एवढं उत्तर पुरतं.

गोळ्यांचीच भीती असेल तर एक आपल्या मातीतली गोष्ट सांगतो. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या गोव्यातल्या संगाथ संस्थेनं इथल्याच दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी केली, तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर. उपचार करणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्र शिकलेलेही नव्हते. प्रशिक्षण दिलेले साधे समुपदेशक, सहा ते आठ भेटी. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. तीन महिन्यांनी या भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर होते, नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी ३९ टक्के. त्यांना आमवात नव्हता, हे खरं. पण पद्धत आपल्या कामाची आहे. मन चांगलं होईल तेव्हा बाहेर पडू, असं न म्हणता आधी छोटं काम ठरवायचं, ते करायचं, मन मागाहून येतं. सांधे दुखणाऱ्या माणसाला हे विशेष लागू पडतं, कारण दुखण्यामुळे एकेक काम सुटत जातं आणि सुटलेल्या प्रत्येक कामाबरोबर आनंदाचं एक ठिकाण बंद होतं. गोळ्या लागल्याच तर काही नैराश्यविरोधी औषधं त्या अतिजागरूक मज्जासंस्थेलाही शांत करतात. एका दगडात दोन पक्षी.

‘मला हे हाताळता येतं’ या भावनेचं वजन किती, याचा पुरावा जुना आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या केट लॉरिग यांनी संधिवाताच्या रुग्णांसाठी आठवड्याला एक असे वर्ग सुरू केले. १९९३ मध्ये त्यांनी चार वर्षांचा ताळेबंद मांडला. वेदना सरासरी २० टक्के कमी, डॉक्टरांकडच्या फेऱ्या ४० टक्के कमी. आणि शारीरिक अडचणी? त्या ९ टक्के वाढल्या होत्या! सांधे थोडे बिघडले आणि दुखणं घटलं. व्यायाम किती केला याच्याशीही त्याचा फारसा मेळ बसेना. मेळ बसला तो आपण या दुखण्याचं काहीतरी करू शकतो हा विश्वास किती वाढला त्याच्याशी. असा विश्वास ‘सकारात्मक राहा’ म्हणून येत नाही. व्हॉट्सअॅपवर सूर्योदयाच्या फोटोखाली येणारे ते सुविचार वहिनींना पाठवणं कृपया बंद करा. तो येतो छोटं काम ठरवून ते पार पडल्यावर. डब्याची झाकणं सैल ठेवणं, पिठाचा डबा वरच्या फळीवरून कमरेच्या उंचीला आणणं, सुरीच्या मुठीला जाड फडकं गुंडाळणं. हसू येईल, पण दिवसातून वीस वेळा ‘जमत नाही’ऐवजी ‘जमलं’ होणं ही लहान गोष्ट नाही.

झोपेबद्दल थोडक्यात. एकाच रात्री चार तास झोप तोडली तर आमवाताच्या रुग्णांत दुखणं, थकवा आणि उदासी तिन्ही वाढलेली दिसतात, हे प्रयोगात पाहिलेलं आहे. स्टेरॉइड चालू असेल तर ते सकाळीच घ्या. दुपारची झोप गोव्यात कुणाला सोडायला सांगणं म्हणजे धाडसच, पण निदान अर्ध्या तासावर आणा.

पावसाबद्दल सगळेच विचारतात. ब्रिटनमध्ये २०१९ साली २,६५८ लोकांच्या मोबाइलवरच्या नोंदींतून असं दिसलं की दमट, वादळी दिवशी दुखणं थोडं वाढतं. थोडंच. आपला जून-जुलै काही टाळता येत नाही, तेव्हा पाऊस हे कारण मान्य करून घरातल्या घरात चालावं.

मेथोट्रेक्सेटचंही विचारा. ठरलेला वार जवळ आला की आदल्या दिवसापासूनच मळमळ सुरू होते का? पिवळी गोळी नुसती पाहिली तरी पोटात ढवळतं का? बऱ्याच रुग्णांत असं होतं आणि ते सांगायला लाजतात. शरीर त्या गोळीशी मळमळ जोडायला शिकलेलं असतं. रात्री जेवणानंतर घेणं, फॉलिक अॅसिडची मात्रा बदलणं, इंजेक्शनवर जाणं, असे उपाय आहेत, पण ते डॉक्टरांनी ठरवायचे. काही जण त्यावर उपाय म्हणून गुपचूप गोळीच चुकवतात.

आणि वहिनींना लिहिण्याची सवय असेल तर एक वही द्या. जोशुआ स्मिथ आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये आमवाताच्या रुग्णांना आयुष्यातल्या सर्वांत ताणाच्या प्रसंगाबद्दल तीन दिवस, रोज वीस मिनिटं लिहायला लावलं, आणि चार महिन्यांनी त्यांचा आजार मोजताना सुधारलेला दिसला. पुढच्या अभ्यासांत दर वेळी तसं आढळलं नाही, त्यामुळे औषध म्हणून सांगत नाही. वही कुणी वाचायची नाही. तुम्ही तर मुळीच नाही.

राहिली चवथ. येणार की नाही, असं विचारलं तर उत्तर नाहीच येईल. मूळ घरी मुक्काम म्हणजे जमिनीवरची पंगत, पहाटे उठणं, बाहेरच्या न्हाणीघरात गार पाणी, आणि दहा जणांचं ‘आता कसं आहे गे?’ यातलं नेमकं काय नको आहे, ते आधी काढून घ्या. मुक्काम नको असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी अकरानंतर निघा, सांधे सुटलेले असतात, आरतीला पोचाल आणि रात्री परत. घरून एक उंच खुर्ची गाडीत टाका. चौकशी करणाऱ्यांना तुम्हीच परस्पर उत्तरं द्या, वाटेत दोघांनी मिळून ती ठरवून ठेवा. दमल्यावर निघायची खूण काय, तीही ठरवा, आणि वहिनींनी ती केली की हातातला पत्ता टाकून उठा, डाव अर्धा राहिला तरी.